गेरूत काढलेली आई

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबड्यांनी अंगण उकरल्यासारखं. हे कागद ज्याच्या हाती लागतील त्यानं रागावू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, नंतर चुलत्यांच्या धाकट्याला सांभाळायला घरी बसले. त्यात हा कागद चित्राचा आहे. सरांनी पुढून रंगवला, मनासारखा झाला नाही म्हणून टाकून दिला. मागची बाजू खरखरीत आहे, पेन अडखळतं. वहीत लिहायला धीर होत नाही, कोणीतरी तपासायला मागेल असं वाटतं. टाकलेल्या कागदावर चुकलं तरी चालतं.

सर म्हणजे मी शिरूरला ज्यांच्याकडे काम करते ते. चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त. ख्रिस्ती आहेत, मिशनच्या जुन्या आवारात त्यांचं कौलारू घर आहे. त्यांची बायको वारल्यापासून एकटेच असतात. सकाळी केर, भांडी, दोन भाकरी, एक भाजी, एवढं माझं काम. ते उरकलं की रंग.

रंगाचं काम मला कोणी लावून दिलं नाही. सरांचा हात थरथरायला लागला आणि बत्ता धरवेना, तेव्हा मी धरला. जाड काचेची पाटी असते, तिच्यावर कुटलेली माती घ्यायची, बाभळीच्या डिंकाचं पाणी घालायचं आणि काचेच्या बत्त्यानं गोल गोल वाटायचं. डिंक आदल्या दिवशी भिजवून फडक्यातून गाळलेला लागतो. रंग वाळून तडकू नये म्हणून थेंबभर मध, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेचं तेल. बत्त्याखालचा खरखर आवाज हळूहळू मऊ होत जातो आणि मग बंद होतो. आवाज बंद झाला की रंग झाला. मला चार माणसांत बोलता येत नाही. या कामात बोलावं लागत नाही, म्हणून ते मला आवडलं.

सर मात्र बोलायचे. माझ्याकडे न बघता, कागदाशी बोलल्यासारखे. तैलरंग एकदा वाळला की दगड होतो, म्हणायचे, पण पाण्याचा रंग नुसता झोपतो. दहा वर्षांनी ओला ब्रश लावा, उठून बसेल. गेरू म्हणजे लोखंडाची माती. तिला उन्हाची भीती नाही, पण ती कागदात शिरत नाही, कागदाच्या खळग्यांत कण कण बसून राहते. किरमिजी उलटा. पूर्वी तो निवडुंगावरच्या किड्यांपासून करायचे, आता कारखान्यात होतो. कागदात असा मुरतो की धुतला तरी डाग जात नाही, पण ऊन लागलं की बारीक होत होत उडतो. आणि ट्यूबमधला मोरपंखी सगळ्यांत हट्टी. ना पाण्यानं जातो, ना उन्हानं. तो बोटाला लागला की दुसऱ्या दिवशीही भाकरी थापताना मला दिसायचा.

आई आली ती चैत्रात. तिचं गाव इनामगाव, घोड नदीच्या काठाला. पोटात गाठ निघाली होती, शिरूरच्या दवाखान्यात दर आठवड्याला दाखवायचं होतं, म्हणून माझ्याकडे राहिली. आमची खोली पत्र्याची. दुपारी आत बसवत नाही. मी सरांना विचारायला दोन दिवस लावले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "आईला झाडाखाली बसवू का?"

"विचारायचं काय त्यात," सर म्हणाले. "खुर्ची दे त्यांना."

आई खुर्चीवर बसली नाही. चिंचेखाली पोतं टाकून बसली आणि लसूण सोलायला घेतला. मी जेवढी मुकी तेवढी ती बोलकी. पहिल्याच दिवशी सरांना म्हणाली, "काय वो सर, ह्या कागदाचे पैसं मिळत्यात व्हय?"

"मिळतात कधी कधी."

"मंग माझी लेक भांडी कशापायी घासती? तिला बी शिकवा की."

"आई, गप की," मी म्हणाले.

"गप काय? सर, ही जन्मली तवा बी गपच व्हती. सुईणीनं उलटी धरून फटका दिला तवा कुठं आवाज निघाला. त्यात जे काय बोलली तेवढंच."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी आत जाऊन पाणी आणलं आणि आतच थांबले.

त्या उन्हाळ्यात सरांनी आईला रंगांच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. तिकडे बंगालात म्हणे गाईंना नुसता आंब्याचा पाला खाऊ घालायचे आणि त्यांच्या मुताचा पिवळा रंग करायचे. चमकदार पिवळा, तसा परत झाला नाही. गाई मात्र खंगून जायच्या. खरं किती, खोटं किती, माहीत नाही, पण असं सांगतात. आईनं लसूण खाली ठेवला.

"आन् कशापायी? पिवळ्यापायी?"

"हो."

"हळद न्हवती व्हय त्यांच्याकडं?"

सर म्हणाले, हळद उन्हात टिकत नाही. आई म्हणाली, "न्हाई टिकली तर न्हाई टिकली. दुसरी लावायची. गाय दुसरी कुठनं आणायची?"

आणखी एकदा ती म्हणाली की आमच्या रानात नांगर धरला की लाल खापरं वर येतात, त्यांच्यावर काळ्या रेघा असतात, कोणी कोणी बाहेरून बघायला येतं. सर म्हणाले, मावशी, त्या रेघा हजारो वर्षांच्या आहेत. भट्टीत भाजलेला रंग आहे तो. कागदावरच्या रंगाला भट्टी नाही, डिंकाच्या भरवशावर बसलेला असतो. आईला ते पटलं. "मडक्याचं नशीब थोर," म्हणाली.

एका दुपारी सरांनी फळीवर कागद ताणला आणि म्हणाले, "मावशी, जरा बसता का तशाच?"

"माझं काय काढताय? काढायचंच तर म्हशीचं काढा. ती दूध तरी देती."

"म्हैस बसत नाही एका जागी."

"मी तरी कुठं बसती," असं म्हणत ती बसली. बसली म्हणजे हात चालूच होते. तोंडही चालू होतं. सरांनी आधी कागद ओला केला. मग मी त्याच सकाळी वाटलेला गेरू, त्यात थोडी पिवळी माती, असा ब्रश नुसता टेकवला. रंग पाण्यात आपोआप पसरत गेला आणि एका जागी थांबला, आणि ती जागा म्हणजे आईचा गाल होती. मी उभी राहून बघत होते. ब्रशनं गाल काढलाच नव्हता. लुगड्याला किरमिजी. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण शेवटी, मोरपंखीत काळा मिसळून, बारीक ब्रशानं. सरांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून ते ठिपके दिले.

आईनं चित्र बघितलं. पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "व्हय, मीच की. पर येवढी सुरकुतली कवा मी?" आणि मग, "लुगडं बेस झालंय."

श्रावण लागायच्या आत आई गेली.

दादा दौंडला राहतो, मालधक्क्यावर कामाला आहे. दहावा, तेरावा त्यानंच केला. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो हवा, तेव्हा लक्षात आलं की फोटोच नाही. मोबाइलवर कोणी फोटो काढायला लागलं की आई पदर तोंडावर ओढायची. लग्नाकार्यातल्या सगळ्या फोटोंत पदर, आणि पदराखाली हसणारी हनुवटी. आधार कार्डावरचा फोटो होता, त्याला ती स्वतःच चोरट्या बाईचा फोटो म्हणायची. स्टुडिओवाल्यानं तोच मोठा करून दिला. नाकाच्या जागी काळा डाग आला. चुलते त्याला नमस्कार करून मला म्हणाले, "ही कोण?"

मी परत कामावर गेले तेव्हा ते चित्र सरांच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मागे पेन्सिलीनं किंमत लिहिलेली. पुण्याचे कोणी ते घेऊन जाणार होते. मी रोज त्याच्यासमोर केर काढायची. विचारायचं धाडस होईना. शेवटी गेरू वाटता वाटता, मान खाली ठेवून, म्हणाले, "सर, ते आईचं मी घेते."

"घेऊन जा की. तुझंच आहे."

"तसं नाही. त्याच्या मागं लिहिलंय तेवढ्याला."

सर म्हणाले, वेडी आहेस का. आई फुकट कशी घ्यायची, असं काही मी बोलले असते, पण मला नीट बोलता येत नाही. मी एवढंच म्हणाले की ती कोणाचं फुकट घ्यायची नाही. ते खरं होतं. शेजारणीनं कोथिंबीर दिली तरी आई वाटीभर डाळ पाठवायची. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, बरं, दर महिन्याच्या पगारातून थोडे कापू. पुण्याच्या माणसाला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही.

चित्र देताना त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. काच लाव. ऊन लागू देऊ नकोस. पाण्याचा हात लावू नकोस.

चित्र माझ्या खोलीत आठवडाही राहिलं नाही. दादा आला, त्यानं बघितलं आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. दादा रडताना मी पहिल्यांदा बघितला. मग नाक पुसून म्हणाला, "हे माझ्याकडं पायजे. आईबापाचा फोटू लेकाच्या घरात असतो. लेकीच्या घरात तिच्या सासूसासऱ्याचा."

ते आमच्यात तसंच आहे. माझ्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, हार घातलेला. आईला त्याच्या शेजारी लावायची म्हटली तर नवऱ्याकडचे काय म्हणतील, हाही प्रश्न होताच. मी चित्र दिलं. काचेचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. दादा व्हय व्हय म्हणाला. पैशाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता मी देतो, आणि ते मला नको होतं. चित्र त्याच्या भिंतीवर राहिलं तरी घेतलेलं मी असावं, एवढंच.

त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही. भिंतीवर आहे त्याचा फोटो कोण काढतं?

दादा ते फ्रेमवाल्याकडे घेऊन गेला. फ्रेमवाला म्हणाला, हाताचं पेंटिंग आहे ना, आता पेंटिंगला काच लावत नाहीत, बिनकाचेचं भारी दिसतं. बंगल्यांत बघा, सगळीकडे तसंच. आईसाठी भारी ते करायचं म्हणून दादानं सोनेरी पट्टीची फ्रेम घेतली, काच नाही. त्यानं कंजुषी केली असती तर बरं झालं असतं.

वर्षश्राद्धाला मी शिरूरहून सकाळची एसटी धरली. न्हावऱ्यावरून जाते ती. मेंढरांचे कळप आडवे आले, पोचायला उशीर झाला. दारात चपला दिसल्या, पण आतून आवाज येईना. श्राद्धाच्या घरात एवढी शांतता नसते, पातेली तरी वाजतात. आत गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. दादा पाठमोरा उभा होता. पाटावर आईचं चित्र ठेवलेलं होतं, सोनेरी फ्रेममध्ये.

लुगडं जागच्या जागी होतं. हात होते, लसणाची पाकळी धरलेली बोटं अर्धी होती. त्याच्या वर, जिथं चेहरा होता, तिथं पांढरट फिकी जागा होती, ओल्या कागदाचे केस उभे राहिलेले. आणि त्या रिकाम्या जागेत गोंदण. कपाळावरचा ठिपका कपाळाच्या जागी, हनुवटीवरचे तीन हनुवटीच्या जागी.

वहिनी म्हणाली, "ताई, मला वाटलं धूळ हाय."

श्राद्धाच्या दिवशी अंघोळ करून, ओलेत्या सोवळ्यात, ओल्या फडक्यानं देव आणि पितरांचे फोटो पुसायचे, मग गंध लावायचं. आमची आजी तसंच करायची, आई तसंच करायची, आईनंच वहिनीला ते शिकवलं होतं. वहिनीनं आधी सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, फोटो पुसला, मग सासूचा. चेहरा नीट दिसावा म्हणून चेहऱ्यावरून दोनदा हात फिरवला. "फडकं तांबडं झालं तवा मला कळलं," ती म्हणाली. "मी हात काढला तवा त्या न्हवत्याच."

"फडकं कुठंय?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "धुतलं की."

मी मोरीत जाऊन बघितलं. का बघितलं माहीत नाही. फडकं दोरीवर वाळत होतं, पांढरं स्वच्छ. वहिनीचं धुणं चांगलं असतं.

दादा तिच्यावर ओरडायला लागला तेव्हा मी म्हणाले, "दादा, नको." तेवढंच, पण मी बोलले म्हणून तो थांबला असावा. भटजी आले. त्यांनी पाटाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि काही न विचारता सुरू केलं. वहिनीनं गंधाचं बोट फ्रेमवर लावलं, कागदाला लागू दिलं नाही. जेवायला आलेल्या लांबच्या मावशीला डोळ्यांनी कमी दिसतं. ती चित्रापुढं वाकून म्हणाली, "गोंदण मात्र हुबेहूब काढलंय गं माझ्या बहिणीचं." वहिनी पदर तोंडात घालून आत पळाली.

निघताना दादानं चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "आता तूच घेऊन जा," म्हणाला. मी घेतलं. चेहरा होता तोवर ती लेकाच्या घरची होती. परतीच्या एसटीत मी फ्रेम मांडीवर उभी धरून बसले. शेजारची बाई म्हणाली, आरसा हाय का? मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

सरांना दाखवायला मी पुष्कळ दिवस लावले. त्यांना वाटत होतं चित्र दौंडला आहे, काचेमागे, ठीक. पगाराच्या दिवशी पैसे कापायचे आणि विचारायचे, "काय म्हणतायत मावशी?" मी म्हणायची, बऱ्या आहेत. मग एका सकाळी रंगाच्या मेजावर चादर सोडली.

सरांनी चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला, बोटानं न टेकता त्या जागेवरून हवेत बोट फिरवलं. "पाणी," म्हणाले. मी हो म्हणाले. कोणी, कसं, ते त्यांनी विचारलं नाही.

"परत काढता येईल?" मी विचारलं. एवढं सरळ मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मग शिक्षकासारखे समजावून सांगायला लागले, बहुतेक त्यांना ते सोपं गेलं. कागदाला वरून खळीची कातडी असते. ती कातडी रंगाला वर धरते. इथं चोळल्यानं ती गेली आहे. आता रंग लावला तर टीपकागदात शाई जावी तसा आत जाईल, डाग पडेल, गाल होणार नाही. दुसऱ्या कागदावर काढू म्हटलं तर, इथं ते थांबले, "मला त्यांचा चेहरा असा आठवत नाही गं. मी बघून काढला होता. तू सांगशील?"

मी डोळे मिटले. आईचे हात आठवले, लसूण सोलताना नख कसं घालायची ते. आवाज आठवला. पदराखालची हनुवटी आठवली. नाक सांगायला गेले तर आधार कार्डावरचा डाग आडवा आला. मी डोळे उघडले आणि म्हणाले, "राहू द्या."

सर म्हणाले, "राहिलेले पैसे आता द्यायचे नाहीत. मी घेणार नाही."

"सर, मी घेतलं तेव्हा चेहरा होता."

"पण आता नाही ना."

"मी चेहऱ्याचंच घेतलं होतं," मी म्हणाले. पैसे थांबवले असते तर ते चित्र कधी नव्हतंच असं झालं असतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगता आलं नाही, पण त्यांनी पुढं वाद घातला नाही. त्या दिवशी गेरू वाटायचा होता. मी पाटीवर माती घेतली, आणि बत्ता फिरवता फिरवता गेरू वहिनीच्या फडक्यासारखा लाल झाला आणि मला पुढं वाटवेना. सरांनी बत्ता माझ्या हातातून घेतला आणि थरथरत्या हातानं स्वतः वाटत बसले. फार जाडा झाला तो रंग.

चित्र मी लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागं ठेवलंय. नवऱ्यानं एकदा बघितलं आणि कप्प्यातले त्याचे कपडे खालच्या कप्प्यात हलवले. दौंडच्या भिंतीवर वर्षभर दुपारचं ऊन येत होतं, त्यामुळं लुगड्याचा किरमिजी एका बाजूनं फिका पडत गेला आहे. कपाटात तो आता उडणार नाही. वहिनी मधे येऊन गेली. चित्र बघायला मागितलं नाही. जाताना मला म्हणाली, "ताई, त्या मला सपनात दिसत्यात. मला समदा चेहरा दिसतो बघा." मी तिचा हात धरला. मला हेवा वाटला, तेही खरं आहे.

दर महिन्याला पैसे कापले जात राहिले. दिवाळीला सरांनी वर काही दिलं तर तेही मी त्यातच वळवलं. या महिन्यात थोडेच उरले होते. सर पगारातून वजा करायला लागले, तर मी म्हणाले, पगार पूर्ण द्या. त्यांनी दिला. मग त्यातून उरलेले मोजून मी त्यांच्या हातावर ठेवले, कारण शेवटचे माझ्या हातानं द्यायचे होते.

सरांनी ते मोजले नाहीत. मूठ मिटली, थोडा वेळ तशीच धरली आणि म्हणाले, "फिटले गं सगळे."

"हो," मी म्हणाले, आणि डिंक भिजत घालायला आत गेले.